‘अण्णा म्यूट’: आमच्या पुस्तक भिशीची व्हिडिओ सभा

जूनच्या शेवटच्या रविवारी आमच्या पुस्तक भिशीची पहिली व्हिडिओ सभा झाली, म्हणजे झालीच नाही. ३७ सभासदांपैकी १२ जण आत आले. त्यातल्या पाच जणांचा आवाज येत नव्हता. उरलेल्या सात जणांनी पंचवीस मिनिटं एकमेकांना ‘आवाज येतोय का’ विचारलं, कुणाच्या तरी कुकरच्या शिट्ट्या सगळ्यांनी मिळून मोजल्या, आणि आमच्या अध्यक्ष माईंनी ‘पुढच्या वेळी बघू’ म्हणून सभा आटोपली. माई ८२ वर्षांच्या आहेत. कॉल बंद करायचा राहिला होता, त्यामुळे त्यांचं पुढचं वाक्यही सगळ्यांनी ऐकलं: “याच्यापेक्षा रिक्षा करून सगळ्यांच्या घरी जाऊन आले असते मी.”

तीन आठवड्यांनी त्याच माणसांची पुन्हा सभा झाली. तेव्हा ३३ जण हजर होते आणि ठरवायचं ते ठरलं. मधल्या काळात कुणी नवा फोन घेतला नव्हता, कुणाच्या घरचं नेट सुधारलं नव्हतं. मग त्या तीन आठवड्यांत काय झालं, ते जमेल तितकं सविस्तर लिहून ठेवते. भिशीची चिटणीस मी आहे आणि पहिल्या फजितीतला मोठा वाटाही माझाच आहे.

सभा घ्यावीच का लागली

आमची भिशी इंदूरची. महिन्याला माणशी १०० रुपये, पहिल्या रविवारी चिठ्ठी निघते, ज्याच्या नावाची निघेल त्यानं ३,७०० रुपयांची मराठी पुस्तकं आणायची. पुस्तकं हातोहात फिरतात आणि शेवटी कपाटात जातात. ही कपाटं चार, त्यांत साधारण १,८०० पुस्तकं, आणि ती सगळी लोकमान्यनगरातल्या एका सभासद दांपत्याच्या तळमजल्यावरच्या खोलीत. त्यांनी घर विकायला काढलं आणि ऑगस्टअखेर खोली रिकामी करून द्यायची वेळ आली. पुस्तकांचं काय करायचं हे सगळ्यांना विचारल्याशिवाय ठरवता येत नव्हतं.

एरवी आम्ही पोह्यांच्या भोवती जमतो, वर जिरावण म्हणजे आमचा इंदुरी मसाला, आणि शेव. पण या वर्षी तिलकनगरच्या मावशींच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, तिघं मुलांकडे पुण्याला, एक काकू लेकीकडे न्यू जर्सीत. उरलेले कुणी सुदामानगरात, कुणी राजेंद्रनगरात, कुणी रामबाग-नारायणबागेच्या बाजूला. पूर्वी मराठी माणसं एकमेकांना हाक मारता येईल इतकी जवळ राहायची, आता ती शहराच्या दोन टोकांना आहेत. त्यात जुलैचा पाऊस. सत्तरी ओलांडलेल्यांना पावसात रस्त्यावर उतरवायला माझी तयारी नव्हती.

कशावरून सभा घ्यायची हे आमचे खजिनदार अण्णा यांनी ठरवलं. ते बँकेतून निवृत्त झालेत, आणि कुठल्याही गोष्टीच्या अटी आधी वाचतात. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुप कॉलमध्ये ३२ माणसं मावतात, आम्ही ३७. झूम फुकट वापरलं तर ४० मिनिटांत बंद पडतं. गूगल मीटवर फुकटात ६० मिनिटं मिळतात, आणि बहुतेकांच्या अँड्रॉइड फोनमध्ये ते आधीपासून असतं. म्हणून मीट. हे ६० मिनिटांचं अण्णांना माहीत होतं, मला माहीत होतं. आणखी कुणाला सांगावं असं आम्हा दोघांनाही सुचलं नाही.

पडद्यावर काय दिसतंय, वाचून दाखवा

पहिल्या सभेआधी मी चौदा कलमांची सूचना लिहिली होती. लॅपटॉप समोर ठेवून, एकेक बटण बघत, शुद्ध मराठीत. ‘ध्वनिक्षेपकाच्या चिन्हावर स्पर्श करावा’ असं एक कलम होतं, ते आठवलं की अजून लाज वाटते. सूचना ग्रुपवर टाकली. दोन तासांत तिच्यावर सुप्रभाताचे सतरा संदेश चढले.

सभा फसल्यावर माझ्या नवऱ्याचं म्हणणं पडलं की एक व्हिडिओ बनवून टाक. मी आधी फोन करायचे ठरवले. जे आत आले नव्हते त्या पंचवीस जणांना. पहिल्या दोन-तीन फोनमध्ये मी ‘काय अडचण आली?’ असं विचारलं आणि उत्तरं आली ती अशी: “काही नाही गं, आमचाच फोन जुना”, “मला नाही कळत यातलं”, “पाहुणे आले होते”. मग मी प्रश्न बदलला. “पडद्यावर काय दिसत होतं? आता उघडा आणि वाचून दाखवा.” हा प्रश्न विचारला की माणूस स्वतःला दोष देणं थांबवतो आणि पडद्याकडे बघतो.

त्यातून जे निघालं ते मला चौदा कलमं लिहिताना दिसणंच शक्य नव्हतं.

सहा जण दारात उभे होते. लिंक दाबली, स्वतःचा चेहरा दिसला, आत येण्याची परवानगी मागणारं बटण दाबलं, आणि वाट बघत बसले. त्यांना आत घ्यायची चौकट माझ्या लॅपटॉपवर एका कोपऱ्यात येत होती. मी त्या वेळी कपाटांचे फोटो सगळ्यांना दाखवण्यात गुंतले होते. थोड्या वेळानं मीट त्यांना परस्पर सांगतं की तुमच्या विनंतीला कुणी उत्तर दिलं नाही. राजेंद्रनगरच्या एक मावशी म्हणाल्या, “मला वाटलं, वर्गणी दोन महिने थकली म्हणून नाही घेतलं आत.” त्या हसत म्हणाल्या, पण सभेनंतर चार दिवस त्या ग्रुपवर काही बोलल्या नव्हत्या, हे मला तेव्हा आठवलं.

चार जण त्याच्याही आधी परतले. अँड्रॉइड फोन पहिल्यांदा माईक वापरताना विचारतो: मीटला आवाज रेकॉर्ड करू द्यायचा का? ‘रेकॉर्ड’ हा शब्द वाचून चौघांनी मीट बंदच केलं. आत येऊन मुके राहिलेले ते पाच जण याच प्रश्नावर ‘नको’ म्हणून पुढे सरकले होते. म्हणजे एका शब्दावर नऊ माणसं अडली. आणि यात आणखी एक गोम आहे: हल्लीच्या अँड्रॉइडमध्ये दोनदा नकार दिला की फोन तिसऱ्यांदा विचारतच नाही. मग सेटिंगमध्ये जाऊन, अ‍ॅपच्या यादीतून मीट शोधून, तिथल्या परवानग्यांत माईक चालू करावा लागतो. सुदामानगरच्या काकू तक्रार करत होत्या, “अगं मी केव्हाची दाबून राहिले, पण आवाज जाऊन नाही राहिला.” त्यांचं अगदी खरं होतं. त्यांचा फोन आता त्यांचंही ऐकत नव्हता.

सात जणांनी लिंकला हातच लावला नव्हता. या सात जणांना मी मनातल्या मनात भित्रं म्हटलं होतं. पण बँक त्यांना सांगते, अनोळखी लिंक उघडू नका. मुलं सांगतात, व्हिडिओ कॉल आला तर उचलू नका. ‘डिजिटल अरेस्ट’बद्दल ऑक्टोबर २०२४ मध्ये पंतप्रधान ‘मन की बात’मध्ये बोलले, ते यांच्यातल्या बऱ्याच जणांनी ऐकलं आहे. १९३० हा सायबर तक्रारीचा नंबर एका आजोबांना तोंडपाठ होता, माझ्या नवऱ्याला नव्हता. अशा माणसांच्या ग्रुपवर मी इंग्रजी अक्षरांची एक निळी ओळ टाकली आणि खाली लिहिलं, ‘सर्वांनी ५ वाजता या लिंकवर क्लिक करावे.’ नाही केलं, तेच बरं केलं.

बाकी तिघांच्या फोनात जागा शिल्लक नव्हती किंवा अ‍ॅप फार जुनं झालेलं, दोघांकडे बटणांचा साधा फोन, आणि तिघं खरोखरच घरी नव्हते.

सासूबाईंचा फोन

हे फोन करता करता माझ्या ध्यानात आलं की मी एकदाही सभासद म्हणून सभेत शिरले नव्हते. जो सभा बोलावतो त्याला दार दिसत नाही. तो आधीच आत असतो.

सासूबाई भिशीच्या सभासद आहेत, वय ७६. पहिल्या सभेत त्या माझ्या शेजारी बसून माझ्याच लॅपटॉपवर होत्या, त्यामुळे त्यांचा फोनही अजून कोरा होता. एका दुपारी तो घेऊन मी स्वयंपाकघरात ओट्याशी बसले आणि नवऱ्याला वरच्या खोलीत लॅपटॉपवर यजमान केलं. रंगीत तालीमच ती. पहिल्यांदा लिंक दाबली तर फोननं विचारलं कशात उघडू, ब्राउझरमध्ये की मीटमध्ये. मग कुठल्या गूगल खात्यानं, कारण त्या फोनवर दोन खाती होती आणि त्यातलं एक माझ्या पुतण्याचं. मग कॅमेऱ्याची परवानगी, मग माईकची, मग ‘सूचना पाठवू का’ अशी आणखी एक. मग दार. पाच ठिकाणी निर्णय घ्यावा लागला आणि माझ्या चौदा कलमांत त्यातला एकही नव्हता. फोन हिंदीत, सूचना मराठीत, आणि सभेतली माणसं बोलणार ‘म्यूट-अनम्यूट’.

या अनम्यूटवरून एक भांडण होता होता राहिलं होतं. पहिल्या सभेत माझी पुतणी मदतीला होती. ती दर मिनिटाला पुकारत होती, “अनम्यूट करा, प्लीज, अनम्यूट!” आमच्या अण्णांना ऐकू आलं, ‘अण्णा म्यूट करा.’ दोनदा त्यांनी निमूट आवाज बंद केला. तिसऱ्यांदा भडकले: “हिशेब मी द्यायचा आणि गप्पही मीच बसायचं?” आवाज बंद असल्यामुळे हे कुणाला ऐकू गेलं नाही, नुसतेच हातवारे दिसले. मला नंतर फोनवर सांगितलं, तेही पूर्ण रागात. त्या दिवसापासून आमच्यात दोनच शब्द राहिले: ‘माईक उघडा’ आणि ‘माईक लावा’. दार उघडतो-लावतो तसं. हे सगळ्यांना एका फटक्यात कळलं. यजमानाला दुसऱ्याचा माईक लावता येतो पण उघडता येत नाही, हेही मग सांगायला सोपं गेलं: तुमच्या दाराची कडी आतून आहे.

बाहेर जा आणि परत या

तयारीचं मुख्य काम म्हणजे प्रत्येकाशी एकेकट्यानं तीन-चार मिनिटांचा व्हिडिओ कॉल. नाव दिलं ‘भेट’. पद्धत अशी: आधी साध्या फोनवर आवाज ओळखीचा करून घ्यायचा. मग सांगायचं की आता मी ग्रुपवर लिंक टाकते आहे, ती आली का बघा. दुसरीकडून आलेली उघडायची नाही. कुणी ओटीपी मागितला किंवा ‘तुमचा पडदा मला दाखवा’ म्हणालं, तर ती मी नव्हेच. या वाक्यांनी त्या सात जणांपैकी सहा जण एका आठवड्यात आत आले. सभेची खरी लिंक ग्रुपवर सात दिवसांसाठी वर पिन करून ठेवली, म्हणजे सुप्रभाताखाली बुडायला नको.

आत आल्यावर मी काही शिकवत नसे. तुमचा आवाज मला येतोय, तुम्ही दिसताय, एवढं सांगायचं. मग माईक लावायला आणि उघडायला सांगायचं. आणि शेवटी: “आता लाल बटण दाबून बाहेर जा आणि पुन्हा या.”

हे शेवटचं अपघातानंच सापडलं. नारायणबागेच्या एका काकूंचा कॉल चुकून तुटला आणि त्या स्वतःच्या स्वतः परत आल्या, तर चेहरा असा की जणू पोहायला आलं. त्याआधी त्या फोन दोन बोटांत धरून बसल्या होत्या, पडद्याला धक्का लागू नये म्हणून. आपण चुकून बाहेर पडलो तर परत येता येतं, हे एकदा हातानं केल्यावर त्यांनी तो सरळ हातात घेतला आणि मला घरातल्या कुंड्या दाखवल्या. तेव्हापासून प्रत्येकाला मुद्दाम बाहेर घालवलं.

३७ जणांना मी एकटी पुरणार नव्हते. पहिला विचार नातवंडांचा आला, आणि तो साफ चुकला. नातू येतो, आजीच्या हातातून फोन घेतो, बारा सेकंदांत सगळं करतो, ‘झालं आजी’ म्हणतो आणि जातो. आजीला एवढंच कळतं की हे आपल्याला येत नाही. त्यापेक्षा दोन दिवसांपूर्वी शिकलेली शेजारीण परवडली. ती स्वतः कुठे अडली ते तिला ताजं आठवत असतं, आणि ती ‘हे सोपं आहे’ असं म्हणत नाही. अशा पाच जणी मी नेमल्या. राजेंद्रनगरच्या त्याच मावशींनी, ज्यांना दार उघडलं नव्हतं, एकटीनं सहा जणांना आत आणलं. त्या प्रत्येकाला सांगत, “थांबायला सांगितलं तर थांबायचं, रुसायचं नाही. मी रुसले होते.”

काही गोष्टी चटकन उरकल्या. फोन उभा कसा ठेवायचा याला सासूबाईंचा तोडगा सगळ्यांनी उचलला: खोलगट वाडग्यात तांदूळ भरायचे आणि त्यात फोन खोचायचा, हवा तसा कलतो आणि पंख्याऐवजी माणूस दिसतो. खिडकी पाठीमागे नको, समोर हवी. सभेआधी फोन चार्ज करा. आणि रविवारी दुपारी मालिका बघू नका, कारण दिवसाला दीड जीबीचा पॅक असला तर तासभराच्या व्हिडिओ सभेत त्यातला मोठा भाग जातो.

एका खोलीत दोन फोन नकोत, हे मात्र सांगून पटत नव्हतं. एकाच्या स्पीकरचा आवाज दुसऱ्याच्या माईकमध्ये शिरतो, तिथून पुन्हा पहिल्यात, आणि कानठळ्या बसवणारी शीळ निघते. शेवटी मी आणि सासूबाईंनी शेजारी बसून ती सगळ्यांना ऐकवली. त्यानंतर जोडप्यांनी एकच फोन घ्यायचा ठरवला आणि त्यातून नवाच प्रश्न उभा राहिला.

मत कसं मोजायचं

अण्णांनी वही काढली. आमची भिशी नोंदणी केलेली संस्था नाही. असती तर मध्यप्रदेशाच्या १९७३ च्या सोसायटी रजिस्ट्रीकरण कायद्याखाली आली असती, आणि सभेची रीत लिखित नियमावलीत शोधावी लागली असती. आमच्याकडे एक जुनी वही आहे, तिच्यात लिहिलंय: एक तृतीयांश सभासद ‘समक्ष’ हजर असतील तर सभा ग्राह्य. म्हणजे १३ जण. अण्णांचा प्रश्न होता, ‘समक्ष’ म्हणजे काय? २०२० साली केंद्राच्या कंपनी मंत्रालयानं कंपन्यांना व्हिडिओवर सभा घ्यायची मुभा दिली होती, पण ती कंपन्यांना, आपल्याला नव्हे, असं ते म्हणाले. मला हे सगळं चार कपाटांसाठी जरा जास्त वाटलं, पण मी बोलले नाही. आता वाटतं, अण्णांचंच बरोबर होतं. पुस्तकं सगळ्यांची होती आणि नंतर कुणी ‘मला विचारलंच नाही’ म्हणालं असतं तर वही उघडूनच उत्तर द्यावं लागलं असतं.

माईंनी निकाल दिला: अक्ष म्हणजे डोळा, डोळ्यांसमोर असला की समक्ष. म्हणून मत देताना चेहरा दिसला पाहिजे आणि स्वतःच्या तोंडानं नाव सांगून मत द्यायचं. एका फोनवर दोघं असतील तर दोघांनी वेगवेगळं बोलायचं. हे नाव सांगणं अगदी आवश्यक होतं, कारण मीटमध्ये माणूस त्याच्या गूगल खात्याच्या नावानं दिसतो आणि ते सभेत बसून बदलता येत नाही. आमच्यातले तिघं मुलांच्या नावांनी, एक आजोबा नातवानं खेळासाठी घेतलेल्या भयंकर नावानं, आणि सासूबाई माझ्या पुतण्याच्या नावानं येत होत्या.

हात वर करून मोजायचा विचार सोडला. फोनच्या पडद्यावर एका वेळी सगळे चेहरे मावत नाहीत, मोजणार कोण? नाव पुकारायचं. माणशी वीस सेकंद धरले तर ३३ जणांना अकरा मिनिटं, हा हिशेब अण्णांचा, आणि तो जवळजवळ बरोबर निघाला. पर्याय आणि खर्च यांचं एक पानी टिपण आधीच घरोघरी पाठवलं, ज्यांना फोनवर वाचता येत नाही त्यांना छापून. सभेत फोनच्या पडद्यावर तक्ता दाखवण्यात अर्थ नव्हता. पहिल्या वेळी मी तेच करत बसले होते आणि सहा जण दारात उभे राहिले.

एक मास्तर आहेत, निवृत्त शिक्षक. ते ‘भेटी’लाच नाही म्हणाले. “मला माणूस समोर लागतो. मत लिहून देतो, वाचून दाखव.” वहीत लेखी मताची सोय नाही. माझ्या घरी येऊन सासूबाईंच्या शेजारी बसा म्हटलं, तर तेही नको. शेवटी त्यांचं पत्र वाचून दाखवायचं पण मोजायचं नाही असं ठरलं आणि त्यांनी ते मान्य केलं. मला हे अजून टोचतं. अण्णांना नाही टोचत.

रविवार, पाच वाजता

मी पाचाला दहा कमी असताना दार उघडलं. न्यू जर्सीत तेव्हा सकाळचे साडेसात वाजायचे होते, पण तिकडच्या काकू सगळ्यांच्या आधी हजर, हातात चहा. लॅपटॉप घरच्या वायफायवर, आणि माझ्याच खात्यानं माझा फोनही सभेत, तो मोबाईलच्या नेटवर, माईक-स्पीकर बंद करून. लाइट गेली तर लॅपटॉप बाहेर पडेल, पण दार उघडायला फोन राहील. लाइट गेली, सव्वापाचला. चार घरं एकदम गायब झाली. मी म्हणणार होते की थांबू या, तेवढ्यात चारही घरं एकेक करत मोबाईलच्या नेटवरून परत आली. कुणीही फोन करून विचारलं नाही.

दारावर नवरा बसला होता. त्याचं एकच काम, कुणी वाट बघतंय का ते बघणं. ३३ माणसं, २७ पडदे. बटणांचा फोन असलेले दोघं शेजाऱ्यांकडे बसले होते. उरलेल्या चारांत एक मास्तर, एक जोडपं उज्जैनला गेलेलं, आणि स्नेहलतागंजचे एक दादा, ज्यांच्या फोनवर मीट चालणं शक्यच नव्हतं. त्यांना हे आम्ही सभेच्या आदल्या दिवशी सांगितलं. शेजारी जाऊन बसा, असंही सुचवलं. ते ‘बघतो’ म्हणाले आणि आले नाहीत. त्यांच्याकडे पहिल्या आठवड्यातच जायला हवं होतं. आम्ही सोप्या फोनांपासून सुरुवात केली आणि अवघड फोन शेवटाला ठेवले.

माईंनी मोहल्ल्याप्रमाणे हाका मारल्या. “सुदामानगर, माईक उघडा.” मध्येच एका आजोबांना त्यांच्या व्याह्यांचा फोन आला, त्यांनी तो उचलला आणि सभेतून गळाले. पाच मिनिटांनी परत येऊन म्हणाले, “व्याह्यांना सांगितलं, मीटिंगमध्ये आहे.” या वाक्याचा त्यांना झालेला आनंद सगळ्यांनी बघितला. अण्णांनी हिशेब दिला, पूर्ण, न थांबता. कुणीतरी खोडसाळपणे “अण्णा, म्यूट!” म्हणालं आणि पहिल्यांदा तेही हसले.

मतं पडली ती अशी: पुस्तकं सभासदांच्या घरी वाटून ठेवायची आणि कुठलं कुठे आहे त्याची यादी फिरवायची, याला १९, सगळी एखाद्या ग्रंथालयाला देऊन टाकायची, याला ११, सुदामानगरात खोली भाड्यानं घ्यायची, याला ३. सासूबाईंनी पुतण्याच्या नावाखालून स्वतःचं नाव खणखणीत सांगितलं आणि माझ्याविरुद्ध मत दिलं. मास्तरांचं पत्र वाचलं. त्यांचंही मत वाटून ठेवण्याकडेच होतं. पावणेसहाला दोन मिनिटं असताना माईंनी सभा संपल्याचं जाहीर केलं.

कुणीही गेलं नाही. लाल बटण सगळ्यांना येत होतं. तिलकनगरच्या मावशींनी पाय उचलून गुडघ्याचे टाके दाखवले. न्यू जर्सीच्या काकूंना विचारलं गेलं की तिकडे पोहे मिळतात का, आणि जिरावण संपलं असेल तर कुणाबरोबर पाठवू. लोकमान्यनगरच्या काकूंनी फोन वाडग्यातून काढला आणि चारही कपाटांसमोरून फिरवला. वेळ संपत आल्याची एक इंग्रजी पट्टी पडद्यावर येऊन गेली. ती मी वाचली, पण तेव्हा वरच्या फळीवरची पुस्तकं दिसत होती आणि मी बघत राहिले. सहाला दहा कमी. काकूंचं वाक्य अर्धं असताना सगळं एकदम बंद झालं.

मिनिटभर काही नाही. मग माझा फोन वाजायला लागला. राजेंद्रनगरच्या मावशी, मग नारायणबाग, मग पुण्याहून, मग व्याह्यांचे आजोबा. अकरा फोन आले. प्रत्येकाचा प्रश्न तोच, आवाज जरा खाली आणलेला: माझ्याकडून काही चुकीचं दाबलं गेलं का?

बाराव्या फोनाला मी हात घातला तेवढ्यात सासूबाई आतल्या खोलीतून आल्या. फोन अजून तांदळात खोचलेला, वाडगा दोन्ही हातांत लांब धरलेला.

“मी कशालाही हात लावला नाही हं,” त्या म्हणाल्या.